खडूच्या दोन रेघा

मी पंप बोलतोय. हो, तोच, ज्याच्याबद्दल सगळी गल्ली म्हणायची की हा पाणी धरत नाही. प्रामाणिक माणसाला चोर म्हटलं की त्याला जसं लागतं, तसं पंपाला हे लागतं. तोंडात सदा पाणी असल्यामुळे तेव्हा मला बोलता आलं नाही. आता तोंड कोरडं पडलंय, तेव्हा घडलं ते सांगून टाकतो.

माझा जन्म ओतशाळेतला. काळ्या वाळूच्या साच्यात तापलेलं लोखंड ओतलं आणि साचा फोडून मला बाहेर काढलं. अगदीच ओबडधोबड होतो. मग लेथवर चढवून, घासूनपुसून मला माणसात आणलं आणि अंगाला हिरवा रंग दिला. शेवटच्या टेबलापाशी एक बाई बसायची. तिने माझ्या पोटात पाणी भरलं, सगळी भोकं बंद केली, दाब दिला आणि घड्याळाकडे बघत राहिली. एक थेंब गळला नाही. "धरतोय," ती म्हणाली आणि तिने माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझ्या बाजूने कुणी बोललं असेल तर ते एवढंच.

दुकानातून मला घ्यायला एक शिंपी आला, सोबत त्याची बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. शिंप्याने गळ्यातली टेप काढून माझी लांबी, रुंदी, उंची मोजली आणि कागदावर लिहून घेतली. "काय हो, कोट शिवताय का त्याला?" दुकानदार म्हणाला, आणि सगळे हसले. त्या वेळी मलाही गंमत वाटली होती.

घर साधंच होतं. पुढे शिलाईची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाजूच्या अंगणात विहीर. विहिरीच्या कडेला सिमेंटचा ओटा, त्यावर मी, डोक्यावर पत्रा. शिलाईच्या खोलीची खिडकी माझ्यावरच उघडायची, त्यामुळे मशिनचा आवाज आणि घरातलं बोलणं मला सारखंच ऐकू यायचं. मी चोरून ऐकत होतो असं समजू नका. कान बंद करायला मला हात कुठे आहेत?

तोवर शिंप्याच्या बायकोने दोन्ही हातांनी पाणी शेंदून घर चालवलं होतं. पहिल्या दिवशी मी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवलं, तेव्हा ती ओट्यावर बसली आणि स्वतःच्या तळहातांवरचे घट्टे बघत राहिली. मग उठून तिने तिच्या पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

आमच्या कुळाची एक अडचण असते. काठावर बसून पाणी ओढणाऱ्या पंपाच्या पोटात आधीपासून पाणी असावं लागतं. ते राहावं म्हणून विहिरीतल्या पाइपाच्या खालच्या टोकाला एक झडप असते. ती पाणी वर येऊ देते, पण परत खाली जाऊ देत नाही. ती झडप गळली, किंवा पाइपाच्या सांध्याला केसाएवढी फट पडली, की पोटात हवा शिरते. मग मी नुसताच गरगर फिरतो. आवाज भरपूर, पाणी शून्य. त्यातून ओढणाऱ्या पाइपाची फट शोधणं म्हणजे डोक्याला ताप. तिथून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि हवा कुणाला दिसते?

हवा शिरली की वरून पाणी ओतून माझं पोट पुन्हा भरावं लागायचं. त्या घरात याला पंपाला पाणी पाजणं म्हणत. ते काम मुलीचं. हातात पाण्याचा मग घेऊन ती माझ्यापाशी उकिडवी बसायची, आणि पोट भरून पाणी वर आलं की ओरडायची, "झालं याचं पिऊन!"

शिंप्याची एक सवय होती, ती नीट लक्षात ठेवा. काहीही उसवायचं, उघडायचं, सोडवायचं झालं की तो आधी त्याच्यावर खडूने खूण करायचा. तोच तो चपटा, निळा, साबणाच्या चिपेसारखा शिंप्याचा खडू. मुलगी बारा वर्षांची असताना दोघांनी मिळून माझ्या पाइपाचा सांधा पहिल्यांदा खोलला. तिने पाना लावला तोच त्याने तिचा हात धरला. "थांब. आधी खूण कर. जिथून उघडलं तिथेच परत बसलं पाहिजे. कापड काय नि लोखंड काय!" मुलीने डोळे फिरवले, पण रेघ मारली. हळूहळू ती बापापेक्षा सरस झाली. गल्लीत कुणाचा नळ गळला तरी लोक तिलाच हाक मारायचे.

मग ती शिकली, नर्स झाली, लग्न होऊन तासाभराच्या अंतरावरच्या शहरात गेली. नवऱ्याची नोकरी, तिची ड्यूटी, एक मुलगा. सुट्टी काय ती रविवारची. घरात दोघंच उरली आणि काही वर्षांनी शिंप्याची बायकोही गेली. सकाळी तिनेच माझं बटण दाबून टाकी भरली होती, आणि दुपारी ती नव्हती. त्यानंतर कितीतरी दिवस मला कुणी चालवलंच नाही.

आता माझ्या बदनामीची सुरुवात. बायको गेल्याला वर्ष झालं आणि एका सकाळी खरोखरच माझ्या पोटातलं पाणी गेलं. मी हे कबूल करतो. शिंप्याने पाणी पाजलं, मी चाललो, संध्याकाळी पुन्हा कोरडा. त्याने लेकीला फोन केला. रविवारी ती स्कूटरवरून आली. तिने बापाचा दाढीचा ब्रश आणि साबण मागितला, भरपूर फेस केला आणि मी चालू असताना एकेका सांध्याला लावत गेली. जिथे फट असेल तिथे फेस आत ओढला जातो. कुठेच ओढला गेला नाही. दुसऱ्या रविवारी तिने माझ्या फिरत्या दांड्याभोवती हवा अडवायला गुंडाळलेली मागची दोरी बदलली. तिसऱ्या रविवारी दोघांनी विहिरीतून अख्खा पाइप वर ओढला.

ते तीन रविवार मी विसरणार नाही. सकाळपासून शिंपी ओट्यावर पाने क्रमाने मांडून ठेवायचा, दोनदा चहा करायचा आणि दिवसभर लेकीशी भांडायचा.

"बाबा, पाना द्या."

"कुठला?"

"मोठा."

"मोठा म्हणजे? नंबर सांग की."

"अहो, मी विहिरीत डोकं घालून बसलेय! नंबर कुठून सांगू?"

असंच तिचं डोकं विहिरीत असताना तो एकदा म्हणाला, "तुझी आई गेली ना, त्या दिवशी टाकी भरलेली होती. तिने भरलेलं पाणी. मी चार दिवस नळ सोडला नाही. शेजारून आणून प्यायलो." काम संपलं होतं, तरी लेक बराच वेळ तशीच वाकून राहिली. समोरासमोर बसून त्या बापलेकींना हे कधी बोलता आलं नसतं. माझ्या निमित्ताने आलं.

झडपेत गोगलगायीच्या शंखाचा तुकडा अडकला होता. नखाएवढा. तो काढला, आणि मी ठणठणीत झालो. लेक हात धुऊन, बापाला दहा सूचना देऊन निघाली.

पुढचे सहा रविवार ती आली नाही. तिची चूक नव्हती. कधी ड्यूटी बदलली, कधी मुलाची परीक्षा, कधी पाहुणे. बुधवारी तिचा फोन यायचा आणि खिडकीतून मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू यायचं. "हो, बरा आहे... जेवलो... पंप ना? उत्तम चाललाय." तेवढ्यावर फोन संपायचा. पंप उत्तम चाललाय म्हटल्यावर पुढे बोलायला दोघांकडे काही उरायचं नाही. शिंपी फोन ठेवून मशिनवर बसायचा, पण मशिन चालायची नाही.

सातव्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, तो पाना आणि खडू घेऊन माझ्यापाशी आला. माझ्या तोंडाजवळ, जिथे ओढणारा पाइप मला जोडलाय, तिथे अंगठ्याएवढं एक पितळी बूच आहे. त्याने चष्मा पुसला. बुचावर एक रेघ मारली आणि तिच्या समोर माझ्या अंगावर एक. मग पाना लावून बूच अगदी थोडं, सूतभर फिरवलं आणि ते जिथे थांबलं तिथे माझ्या अंगावर आणखी एक रेघ मारली. माझ्या अंगावरची पहिली रेघ म्हणजे घट्ट, दुसरी म्हणजे सैल. त्याने बटण दाबलं. मी हवा ओढली, खरखरलो आणि पाणी सोडलं.

तो आत गेला. "अगं, पंपाने पुन्हा पाणी सोडलं बघ... नाही नाही, घाई नाही. तुला जमेल तेव्हा... रविवारी? बरं, ये मग."

माझा संताप झाला, खोटं कशाला सांगू! पण फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला आणि रविवारसाठी डबे उघडून काय आहे, काय नाही ते बघू लागला. तो आवाज ऐकून माझा राग निम्मा झाला.

मग हे चालूच राहिलं. रविवारी वळणावर स्कूटरचा आवाज आला की तो लगबगीने येऊन बूच पहिल्या रेघेवर आणायचा. लेक पाणी पाजायची आणि मी बिनतक्रार चालायचो. तिचं डोकं चक्रावून जायचं. फेस लावून बघितला. खडूच्या खुणा माझ्या अंगावर जागोजागी होत्याच, त्यामुळे या दोन रेघा तिच्या नजरेत भरल्या नाहीत. नवी झडप घातली. कोपऱ्यातला वाकडा सांधा बदलला. नर्सच ती, तिने माझा पेशंटसारखा तक्ता केला. वार, वेळ, तक्रार, उपाय. एकदा तक्ता बघत म्हणाली, "बाबा, हा गुरुवारीच का हो बिघडतो? याला काय गुरुवारी ताप येतो का?" शिंप्याने मान वळवली आणि उगाच पाने मोजू लागला.

एका रविवारी ती सलग ड्यूटी करून आली होती. पाना हातात असतानाच विहिरीच्या कठड्याला टेकून तिला झोप लागली. शिंपी तिच्यावर सावली पडेल असा तासभर उन्हात उभा राहिला. त्या आठवड्यात त्याने बुचाला हात लावला नाही. मला वाटलं, सुटलो. पण पुढच्या रविवारी ती आली नाही, आणि त्यानंतरच्या गुरुवारी तो पुन्हा पाना घेऊन समोर उभा. "एवढ्या वेळेस," तो मला म्हणाला. माझ्याशी तो पहिल्यांदाच बोलला होता.

आता त्याची चूक सांगतो. पोरीला पंप बंद आहे असं सांगितल्यावर त्या भल्या माणसाला तो चालवायला लाज वाटायची. बूच घट्ट करून बटण दाबलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण नाही. गुरुवार ते रविवार तो बादलीने पाणी शेंदायचा. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटंही इमानदारीने निभावतो. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे. कठड्यावर ओणवून दोरी ओढताना त्याचा श्वास माझ्या कानात घुमायचा. मी हातभर अंतरावर धडधाकट बसलेला, आणि तो ओढतोय.

शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि कुंपणापाशी उभ्या राहून लेकीला फोन लावला. "अगं, तुझे बाबा पाणी शेंदतायत. आज पाय घसरला होता त्यांचा. मी धावले म्हणून बरं. तुम्ही त्या पंपाचं काहीतरी करा बाई!"

तिने केलं. पुढच्या रविवारी स्कूटर आली नाही, गाडी आली. गाडीत इलेक्ट्रिशियन आणि लांबुडकं खोकं. आवाज ओळखीचा नव्हता, म्हणून शिंप्याला माझं बूच घट्ट करायला वेळच मिळाला नाही. खोक्यात विहिरीच्या तळाशी पाण्यात बुडून बसणारा पंप होता. त्याला पाणी पाजावं लागत नाही आणि हवा धरण्याचा प्रश्नच नाही. दोन तासांत त्याला दोरीने खाली सोडलं आणि मला ओट्यावरून उचकटून काढलं. लेकीने बटण दाबलं. कसलाही आवाज नाही, आणि टाकीत पाणी.

तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बाबा, आता कसली कटकट नाही. मला फोनसुद्धा करावा लागणार नाही तुम्हाला. पाच-सात वर्षं बघायला नको." तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. दोरीने सोललेल्या जागा बघून तिचे डोळे भरून आले. "मी आधीच आणायला हवा होता हो."

मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल! अरे, आता तरी बोल! पण शिंपी म्हणाला, "छान झालं. फार छान झालं." आणि चहा ठेवायला आत गेला. तो चहा उतू गेला.

मला भंगारात द्यायला तो तयार होईना. इलेक्ट्रिशियनने मला शिलाईच्या खोलीत मशिनशेजारी ठेवलं. त्याच आठवड्यात शिंप्याने जुना कागद शोधून काढला, टेपने माझी मापं पुन्हा ताडून बघितली आणि जाड खाकी कापडाचं मला आवरण शिवलं. दुहेरी शिवण, कडेला पट्टी, कुठे एक टाका वाकडा नाही. आतल्या बाजूला त्याने एक खिसाही ठेवला. "तुझी बदनामी झाली रे माझ्यामुळे," घालताना तो म्हणाला. "सांगेन मी तिला. भेटेल तेव्हा सांगेन."

ती यायची, नाही असं नाही. महिन्यातून एकदा, कधी दीड महिन्याने. खुर्चीवर बसायची, चहा प्यायची, फोन बघायची. करायला काही काम नसायचं. शिंपी घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "मग? नातू काय म्हणतो?" दर वेळी मी आवरणाच्या आत वाट बघायचो, की आज तरी सांगेल.

एका दुपारी तो कुणाच्या तरी परकराची शिवण घालत होता. मशिन चालता चालता मध्येच थांबली. दोरा तुटला असेल, मला वाटलं. सुईत ओवायला त्याला हल्ली वेळ लागायचा. बराच वेळ मी मशिन पुन्हा सुरू व्हायची वाट बघत होतो. संध्याकाळी शेजारच्या काकू हाका मारत आल्या, तेव्हा मला कळलं.

महिन्याभराने लेक घर आवरायला आली. भंगारवाला काटा घेऊन दारात उभा होता. रद्दी गेली, पत्रे गेले, जुने पाइप गेले. मग तिने माझं आवरण ओढून काढलं, तेव्हा खिशातून काहीतरी खण्णकन खाली पडलं. पाना आणि झिजून बोटभर उरलेला निळा खडू. ते उचलायला ती वाकली, आणि तिची नजर माझ्या तोंडापाशी गेली.

बुचावर एक रेघ. माझ्या अंगावर दोन. पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेल्या. बूच दुसऱ्या रेघेवर उभं.

तिने पाना लावला आणि बूच पहिल्या रेघेवर नेलं. ते घट्ट बसलं. परत दुसऱ्या रेघेवर आणलं, तर हाताने डुलायला लागलं. दोनदा तिने तसंच केलं, आणि मग ती माझ्यासमोर खाली बसली. लहानपणी पाण्याचा मग घेऊन बसायची तशीच.

"गुरुवारी," ती एवढंच म्हणाली. मग रेघांवरून बोट फिरवत, "अहो बाबा, नुसतं ये म्हणायचं होतं."

भंगारवाला दारातून डोकावला. "ताई, हा पंप घेऊ ना काट्यावर? बिघडलेलाच आहे म्हणालात."

"नाही," ती म्हणाली. "हा नाही द्यायचा. हा कधी बिघडलाच नव्हता."

गोगलगायीचं ती विसरली होती, पण असो. हे एक वाक्य ऐकायला मी कितीतरी दिवस आसुसलो होतो. माझ्यावरचा आळ धुऊन निघाला, आणि तोही तिच्याच तोंडून. पण ते बोलताना तिचा चेहरा मी पाहिला. त्यापेक्षा जन्मभर बदनाम राहिलो असतो तरी चाललं असतं.

आता मी तिच्या शहरातल्या घराच्या गॅलरीत असतो, त्याच आवरणात. इथे विहीर नाही. सातव्या मजल्यावर कुठली विहीर! रविवारी सुट्टी असली की ती चहाचा कप घेऊन येते, आवरण सरळ करते आणि माझ्याशेजारी बसते. बूच तिने अजून घट्ट केलेलं नाही. पाऊस आला की मात्र कुठून तरी धावत येऊन रेघांवर हात धरते, पुसल्या जाऊ नयेत म्हणून.

माझं सांगून झालं. जाता जाता एक विनंती करतो. तुमचंही कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल, आणि त्याचा पंप, पंखा, दाराची कडी असलं काहीतरी सारखं बिघडत असेल, तर ते बिघडू द्या. लगेच नवं आणायला धावू नका. एखाद्या रविवारी पाना घरी ठेवून नुसतेच जा, आणि चहा पिऊन झाल्यावरही थोडा वेळ बसा.